शिफारस न झालेलं पुस्तक

१

मुलांच्या वाचनालयाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत एनेलेसी चिकोपा पालथी पडली होती आणि तिच्या शेजारी शिडी आडवी झाली होती.

तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या थोरल्या बहिणीनं, एटेलनं. रविवारचं चर्च सुटल्यावर एनेलेसी 'जरा पुस्तकं लावून येते' म्हणून गेली, ती जेवायला आलीच नाही. ताटातली न्सिमा, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, गार होऊन दगड झाली, तेव्हा एटेल छत्री घेऊन निघाली. झोंबा गावात जूनच्या थंडीतला तो चिवट पाऊस चालू होता, ज्याला तिथली माणसं चिपेरोनी म्हणतात. पडतोय असं वाटत नाही, पण हाडापर्यंत भिजवतो.

इन्स्पेक्टर लोनेस चिपेटा पोचली तेव्हा हवालदारानं निकाल देऊन टाकला होता. "शिडीवरून पडल्या, मॅडम. वय झालेलं. वरचं पुस्तक काढायला गेल्या असतील."

लोनेसनं वर पाहिलं. भिंतभर कपाटं होती, पण वरचे सगळे कप्पे मोकळे. धूळ तेवढी होती.

"वरती पुस्तकं नाहीत?" तिनं विचारलं.

एटेल बाकावर बसली होती. डोळे कोरडे, आवाज खरखरीत. "कधीच काढली तिनं. म्हणायची, पोराचा हात पोचत नाही ते पुस्तक असलं काय नि नसलं काय. ही शिडी फक्त दिवा बदलायला."

दिवा चांगला जळत होता.

मोरीत दोन कप धुऊन पालथे घातले होते. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती, आणि बाई पालथी पडली होती. शिडीवरून तोल गेलेलं माणूस असं पडत नाही.

टेबलावर या महिन्याची नवी पुस्तकं मांडलेली होती. एनेलेसीचं काम सगळा जिल्हा ओळखून होता. नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी आलेली प्रत्येक नवी कादंबरी, प्रत्येक रहस्यकथा ती आधी स्वतः वाचायची. मग एका शनिवारी भरल्या खोलीत उभी राहून कुणी काय वाचावं ते सांगायची. "तू लवकर रडतोस ना? मग हे आत्ता नको, पुढच्या वर्षी. आणि तू ग, भूत नाही असं म्हणतेस, तू हे वाच आणि मला येऊन सांग." तिनं शिफारस केली की शाळा ते पुस्तक घेत, आणि तिनं मान हलवली की ते दुकानात पडून राही.

"नवी पुस्तकं चार होती," एटेल म्हणाली. "शनिवारी मीच पुसून ठेवली."

टेबलावर तीनच होती.

२

नाहीसं झालेलं पुस्तक होतं 'धरणाकाठचे चौघे'. लेखक पेंफेरो नामावा हा गावातल्याच शाळेतला तरुण मास्तर, आणि ही त्याची पहिलीच रहस्यकथा. छापणारा हार्टवेल क्वेंडा. शनिवारी मुलं गेल्यावर याच क्वेंडानं वाचनालयात आरडाओरडा केला होता. तो बाहेर रताळी विकणाऱ्या बायकांनीही ऐकला होता.

"ओरडलो, बाई, नाही कशाला म्हणू," क्वेंडा छापखान्यातल्या कागदाच्या थप्पीवर बसत म्हणाला. तो गडी अंगानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. पण आज त्याचा आवाज खाली आला होता. "गोदाम भरून पुस्तकं छापली. आणि मायी चिकोपा म्हणतात, देणार नाही शिफारस."

"कारण?"

"तेच तर सांगेनात. शिफारशीची समिती दोघांची. मायी चिकोपा आणि माकांजा सर. सरांनी तोंडभर कौतुक केलं. मायी मात्र एकच धरून बसल्या. म्हणाल्या, 'मला एक गोष्ट कळल्याशिवाय हे पुस्तक मी एकाही पोराच्या हातात देणार नाही.' आणि सारख्या त्या पेंफेरोला विचारत होत्या, 'हे तुला कुणी सांगितलं, बाळ?'"

"हे म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक? मी छापतो, बाई. वाचायला सवड कुणाला आहे?" मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "निर्णयाच्या वेळी मला बाहेर काढतात. त्यांचा नियम कडक. ज्याचा पुस्तकाला हात लागलाय, मग एक स्वल्पविराम सुधारला असला तरी, त्यानं उठून जायचं. लेखकाला तेवढं प्रश्नांपुरतं आत बोलावतात. मी दारातून ऐकलं तेवढं ऐकलं."

"आणि पेंफेरो काय म्हणाला?"

"म्हणाला, सगळं माझंच आहे, कुणी सांगितलेलं नाही. पण बाई, पोरगा थरथरत होता."

रविवारी क्वेंडा लिवोंड्याला पुतण्याच्या लग्नात नाचत होता. नाचताना बाकड्यासकट पडला होता, आणि ते अख्ख्या वऱ्हाडानं पाहिलं होतं. लोनेसनं त्याच्याकडून पुस्तकाची एक प्रत घेतली आणि ती उठली.

३

निवृत्त मुख्याध्यापक स्टॅनली माकांजा यांचं घर डोंगराच्या वाटेवर होतं. ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. गावातल्या निम्म्या कर्त्या माणसांनी त्यांच्या हाताखाली अक्षरं गिरवली होती. लोनेस बाहेरगावची म्हणून सुटली होती, एवढंच. सरांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"एनेलेसी गेली आणि या गावातल्या पोरांची आई गेली," ते म्हणाले. "भांडण म्हणाल तर नव्हतं. मतभेद होता. मी ते पुस्तक गेल्याच आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. समितीची प्रत आली तेव्हा. मला आवडलं. पोरगा छान लिहितो."

"मग त्यांना का नको होतं?"

सर पावसाकडे वळले. "तिची मुलगी गेली होती, ठाऊक आहे ना? तियांजाने. बारा वर्षांची. डोंगरावर बोरं वेचायला गेली आणि वरच्या धरणात बुडाली. सोळा-सतरा वर्षं झाली. या गोष्टीतही एक मुलगी डोंगरावर हरवते. आईला ते सोसवलं नसेल. मी समजूत घालणार होतो. राहून गेलं."

"तुम्ही तेव्हा तिच्या शाळेत होता?"

"मुख्याध्यापक होतो. पण त्या दिवशी मी ब्लँटायरला होतो, परीक्षेच्या कामात. परत आलो तेव्हा पोरीला माती देऊन झाली होती. शेवटचं तोंडही पाहिलं नाही मी तिचं." त्यांनी रुमालानं डोळे टिपले. "तेव्हा मीच एनेलेसीला म्हटलं, घरात कुढत बसू नकोस, पोरांसाठी काहीतरी कर. हे वाचनालय त्यातूनच उभं राहिलं."

लोनेस उतारावरून खाली येईतो तिच्या मनात एकच विचार होता. दुःख न सोसणारी आई पुस्तक मिटून ठेवते. 'हे तुला कुणी सांगितलं' असं विचारत बसत नाही.

४

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून लोनेसनं 'धरणाकाठचे चौघे' वाचून काढलं. हवालदार दोनदा डोकावून गेला. मॅडम पोरांचं पुस्तक वाचताहेत, ही बातमी त्यानं चहावाल्यापर्यंत पोचवली.

गोष्ट सोपी होती आणि चांगली होती. चार मुलं आपल्या हरवलेल्या मैत्रिणीला शोधत डोंगर चढतात. शेवटी ती लाकूडतोड्याच्या झोपडीत जिवंत सापडते. त्यात कुणी बुडत नव्हतं, कुणी मरत नव्हतं. मग एनेलेसी कशावर अडली?

पुस्तक घेऊन ती एटेलकडे गेली. घरात शोकाला आलेल्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. एटेलनं तिला मागच्या खोलीत नेलं.

"शनिवारी घरी आल्या तेव्हा कशा होत्या?"

"जेवली नाही. ट्रंक उघडून बसली. मला म्हणाली, 'अक्का, तुला तो हिरवा रुमाल आठवतो? पिवळ्या पक्ष्यांचा?'"

लोनेसच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. सकाळीच तिनं ती ओळ वाचली होती. *तिनं डोक्याला हिरवा रुमाल गुंडाळला होता, आणि त्यावरचे पिवळे पक्षी वाऱ्यानं उडाल्यासारखे दिसत होते.*

"कुठला रुमाल, मावशी?"

एटेल जमिनीकडे बघत बोलू लागली. "तियांजाने गेली त्या दिवसाची गोष्ट. सकाळी बाजारात एक मोझांबिकवाली आली होती. तिच्याकडे एकच होता तसा. एनेलेसीनं घेतला, ट्रंकेत टाकला, अजून डोक्याला लावलासुद्धा नव्हता. दुपारी पोरगी गुपचूप तोच घेऊन वर गेली असणार. पाण्यातून काढली तेव्हा डोकं उघडं होतं. रुमाल नाहीसा झालाय हे एनेलेसीला नंतर कळलं. पोलिसांना सांगितलं नाही. रुमालाचं काय सांगायचं, पोरगीच गेली. फक्त मला एवढंच म्हणाली होती: अशी थंडी होती, निदान डोकं तरी झाकलेलं होतं माझ्या बाळाचं."

"म्हणजे तिच्या डोक्यावर तो कुणी पाहिलाच नाही?"

"कोण पाहणार? घरात मी होते, मीसुद्धा नाही पाहिला." एटेलनं मान वर केली. "ज्यानं पाहिला तो वर होता. एनेलेसी हेच म्हणाली. आणि म्हणाली, हे माझ्या एकटीच्या डोक्याला पेलायचं नाही. एका शहाण्या माणसाला विचारते. उद्या बोलावते."

"कुणाला?"

"नाव नाही घेतलं. मी विचारलंही नाही."

लोनेसला मोरीतले पालथे कप आठवले. त्या शहाण्या माणसानं जाण्यापूर्वी कप धुतले होते.

५

पेंफेरो नामावा सहावीच्या वर्गावर होता. लोनेसनं त्याला खिडकीतून खूण केली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना खडू लागलेला होता. अंगानं काडी, वय सव्वीस-सत्तावीस. तियांजाने गेली तेव्हा हा चौथी-पाचवीत असेल. दहा वर्षांचं पोर कुणाला धरणात ढकलून इतकी वर्षं तोंड मिटून बसत नाही. पण त्याला काहीतरी ठाऊक होतं.

"तो हिरवा रुमाल तुझ्या डोक्यात कुठून आला?"

"कल्पनेतून, मॅडम."

"कल्पनेतून एखादा रंग सुचेल. पण मोझांबिकच्या बाईकडे एकच होता तो रुमाल, पिवळ्या पक्ष्यांसकट, तुझ्या कल्पनेत आला कसा? हा रुमाल मेलेल्या मुलीचा आहे, पेंफेरो. मायी चिकोपांना ते ओळखू आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मेल्या."

पोराचा चेहरा राखेसारखा झाला. आतून मुलांचा गलका वाढला, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ, मॅडम. आम्ही नियम मोडला होता, म्हणून मी बोललो नाही. मला वाटलं, मायींना त्याचाच संशय आलाय. पुस्तकाला ज्यानं हात लावला, त्यानं शिफारशीला बसायचं नाही. आणि ते बसले होते."

"कोण?"

"मी दर रविवारी एक एक प्रकरण त्यांना वाचून दाखवायचो. ओसरीवर. क्वेंडांनी कागद बघायच्या कितीतरी आधी. माझ्या गोष्टीतली मुलगी उघड्या डोक्यानं डोंगर चढत होती. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, 'थंडीत उघडं डोकं? तिला रुमाल दे. हिरवा. त्यावर पिवळे पक्षी. पोरांना रंग लागतात.' मला केवढा आनंद झाला, मॅडम. मला वाटलं, गोष्ट ऐकता ऐकता त्यांना ती मुलगी दिसली."

६

माकांजा सर ओसरीवरच होते. लोनेसनं हवालदाराला फाटकाशी थांबवलं आणि ती समोरच्या खुर्चीत बसली. याच खुर्चीत पेंफेरो बसत असणार.

"सर, तुम्ही म्हणालात, पुस्तक गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं."

सरांनी मान खाली घातली. "कळलं तर तुला. चूक झाली. पोराचं पहिलं पुस्तक होतं. मी मदत केली हे कळलं असतं तर मला समितीवरून उठावं लागलं असतं, आणि त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नसतं. नियम मोडला मी. त्याची काय शिक्षा असेल ती दे."

उत्तर इतकं नीट होतं की दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं.

"रुमाल तुम्हीच सुचवलात?"

"असेल. बारीकसारीक पुष्कळ सुचवलं."

"पिवळ्या पक्ष्यांचा. असा रुमाल कुठं पाहिला होता, सर?"

"आता काय सांगू. म्हाताऱ्याची आठवण." ते किंचित हसले. "त्या बिचाऱ्या तियांजानेच्याच डोक्यावर असेल पाहिलेला. शाळेत यायची बांधून. तेच मनात राहिलं असेल."

"शाळेत नाही. तो रुमाल तिच्या आईनं त्याच सकाळी विकत घेतला होता."

सरांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. त्यात जीव उरला नव्हता.

"मग... मग मातीच्या वेळी. मढ्याच्या डोक्याला बांधला असेल."

"पाण्यातून काढली तेव्हा तिचं डोकं उघडं होतं. आणि मातीला तुम्ही नव्हता. तुम्हीच मला सांगितलंत. ब्लँटायरला होतात. शेवटचं तोंडही पाहिलं नाही." लोनेसचा आवाज चढला नाही. "तो रुमाल तिनं दुपारी डोक्याला बांधला आणि संध्याकाळपर्यंत तो नाहीसा झाला. मधल्या वेळात ती डोंगरावर होती. ज्यानं तिला रुमालात पाहिलं, त्यानं तिला वरच पाहिलं. तुम्ही ब्लँटायरला गेला नव्हता, सर."

पाऊस पन्हाळीतून टपटपत होता. फाटकाशी हवालदार खोकला.

"ती आईला सांगणार होती," सर म्हणाले. मुख्याध्यापकांचा आवाज गेला होता. बोलणारा कुणी दुसराच म्हातारा होता. "शाळेत माझ्या खोलीत जे झालं होतं, ते. मी समजवायला गेलो होतो. नुसतं समजवायला. ती ओरडायला लागली."

"आणि एनेलेसी?"

"तिनं मलाच बोलावलं. माझ्यासाठी चहा केला. म्हणाली, सर, तुम्हीच सांगा, मी काय करू." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "रुमाल मला आठवतही नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तो पोरगा वाचत होता, मुलीचं डोकं उघडं होतं, आणि माझ्या तोंडून गेलं. छापून आलं तेव्हा पानावर मी काय बोललो ते मला दिसलं."

"तिची प्रत कुठे आहे?"

"गादीखाली. जाळायला घेतली होती. नाही जाळवली."

७

पुढच्या शनिवारी वाचनालय उघडणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण मुलं आली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आली आणि ओल्या पायांनी दारात उभी राहिली. शेवटी एटेलनं कुलूप काढलं.

मुलांसमोर उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून पेंफेरो उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते. ज्या ओसरीवर बसून तो लिहायला शिकला, ती ओसरी आता त्याला आठवायचीही नव्हती. त्यानं आपलं पुस्तक टेबलावर ठेवलं नव्हतं. बाकीची तीन हातात घेऊन तो एकेक सांगत होता. पहिल्यांदा अडखळत, मग जरा सुधारून. हे ज्याला नदी आवडते त्याला. हे ज्याला कोडी सुटत नाहीत तरी सोडवायची असतात त्याला.

मागच्या बाकावर लोनेस आणि एटेल बसल्या होत्या.

"एक विचारू?" एटेल हळूच म्हणाली. "तिला कळलं होतं का? मरायच्या आधी? की तो देवमाणूसच आहे असं समजून गेली?"

लोनेसला खोटं बोलता आलं असतं. "कळलं होतं, मावशी. बोलता बोलता तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. मग तिनं एकच विचारलं. 'सर, ती घाबरली होती का?' आणि पाठ फिरवून दाराकडे निघाली."

"तो काय म्हणाला?"

"तिला काही म्हणाला नाही."

एटेल तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कोठडीत लोनेसनंही त्याला तेच विचारलं होतं आणि त्यानं उत्तर दिलं होतं. जबाब लिहिताना ते वाक्य कागदावर उतरवायला लोनेसचा हात धजला नव्हता.

"तुला सांगितलंय त्यानं," एटेल म्हणाली. "नको. मला नको सांगूस."

पुढे एक मुलगी उभी राहिली होती. दातात फट, अंगात भावाचा स्वेटर. "सर, तुम्ही लिहिलेलं कुठाय? आमच्या वर्गात तुम्ही अर्धं वाचून दाखवलं होतं. डोंगरावर गेलेल्या मुलीचं."

"ते आज नाही," पेंफेरो म्हणाला.

"मग एवढंच सांगा. ती सापडते का?"

पेंफेरोनं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"सापडते," मागून एटेल म्हणाली. "उशीर लागतो. पण सापडते."

मुलगी खाली बसली. पेंफेरोनं पुढचं पुस्तक उचललं.